हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करण्याची आपली चाल जुनी आहे. हिशेब आता संगणकावर गेले, तरी दुकानांतून आणि पेढ्यांवरून एखादी लाल बांधणीची वही अजून आणली जाते. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाते आणि जमेची बाजू कोणती, खर्चाची कोणती, याचा वर्षभर घोळ होऊ नये म्हणून मधोमध रेघ ओढली जाते. पैशाच्या बाबतीत आपण इतके दक्ष आहोत. पण एका मालमत्तेचा हिशेब आपण कधीच मांडत नाही. ती म्हणजे आपले सद्गुण. ते आपण आजीच्या दागिन्यांसारखे डबीत घालून ठेवतो, सणावाराला बाहेर काढतो, चारचौघांना दाखवतो आणि पुन्हा ठेवून देतो. त्यांत सोने किती आणि मुलामा किती, हे एकदा सोनाराला दाखवून घ्यावे असे कुणाच्या मनातही येत नाही.

ऐन सणात हा कडू विषय कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची रीत आपल्याच पूर्वजांनी घालून दिली आहे. फराळाचे ताट त्यानंतर. तेव्हा वाचकहो, चकलीचा डबा थोडा बाजूला ठेवा आणि हे कारीट आधी फोडून घ्या.

आपल्याकडे गुणांची प्रमाणपत्रे फार स्वस्त मिळतात. "मुलगा अगदी गुणी, आईवडिलांच्या शब्दाबाहेर नाही." "सून मोठी सोशिक." "गृहस्थ भिडस्त हो, कुणाला नाही म्हणायचे नाहीत." "म्हातारा फटकळ आहे, पण पोटात काही ठेवत नाही." "काकू भारी काटकसरी." लग्नाच्या बोलण्यांपासून शोकसभेपर्यंत हीच नाणी चालतात, आणि ती खरी की खोटी हे कुणी वाजवून पाहत नाही. शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो, तशी आपल्या मनात एक यादी लिहिलेली असते: एका बाजूला सद्गुण, दुसऱ्या बाजूला दुर्गुण. नाव डाव्या यादीत सापडले की माणूस चांगला, उजव्या यादीत सापडले की वाईट. या यादीवर माझा मुळीच विश्वास नाही, आणि तो का नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की गुण नावात नसतो. एकच वृत्ती एका माणसाच्या ठायी सद्गुण असते आणि शेजारच्याच माणसाच्या ठायी दुर्गुण. दोघांची जात ओळखायची तर त्या वृत्तीचा जमाखर्च पाहावा लागतो, आणि त्यासाठी दोनच प्रश्न पुरतात. ती वृत्ती पाळायची हे कुणी ठरवले? आणि तिची किंमत कोण मोजतो? जो ठरवतो तोच मोजत असेल, तर तो गुण. ठरवणारा एक आणि मोजणारा दुसराच असेल, तर त्याला कितीही गोंडस नाव द्या, तो दोषच. दुसऱ्याच्या खर्चाने पुण्य जोडण्याला आपल्या भाषेत फार नेमका वाक्प्रचार आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे. मिठाई हलवायाची, दान आपले! आपल्या घराघरांतल्या निम्म्या सद्गुणांची कुळी हीच आहे, असा माझा आरोप आहे.

पहिला साक्षीदार म्हणून स्पष्टवक्तेपणाला बोलावतो. "मी बाबा तोंडावर बोलणारा," असे अभिमानाने सांगणारा एक तरी काका प्रत्येक कुळात असतो. तो कुणाच्या तोंडावर बोलतो, एवढेच जरा टिपून ठेवा. सुनेच्या तोंडावर बोलतो, नापास झालेल्या पुतण्याच्या तोंडावर बोलतो, उशिरा आलेल्या कामवालीच्या तोंडावर बोलतो, बँकेतल्या नवख्या कारकुनाच्या तोंडावर बोलतो. ज्याच्या हातात आपले काम अडकले आहे अशा साहेबापुढे मात्र याच काकाची जीभ लोण्यासारखी मऊ होते. हा स्पष्टवक्तेपणा पाण्यासारखा असतो. तो नेहमी उताराकडेच वाहतो. आता दुसरा स्पष्टवक्ता पाहा. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या कटात रघुनाथरावांचा हात असल्याचे रामशास्त्री प्रभुणे यांच्या चौकशीत दिसून आले. रघुनाथराव त्या वेळी पेशवाईच्या गादीवर होते. त्यांना रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि सांगून ते पद सोडून पुण्याबाहेर पडले. हेही तोंडावर बोलणेच. पण हे पाणी चढावर गेले. बोलायचे हे त्यांनीच ठरवले आणि पदावर पाणीही त्यांनीच सोडले. काका आणि रामशास्त्री या दोघांना 'स्पष्टवक्ता' हा एकच शब्द लावणारी भाषा गरीब नाही. तो तसा लावणारे आपण आळशी आहोत.

काटकसरीचेही तेच. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि आश्रमासाठी हिंगण्याची वाट पायी तुडवायची, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी स्वतःच्या पायांवर आणि स्वतःच्या पोटावर काटकसर केली, म्हणून विधवा मुलींच्या शिक्षणाला चार पैसे उरले. आता आमच्या काटकसरी काकूंकडे या. मोलकरीण तापाने दोन दिवस आली नाही, तर महिनाअखेर त्या दोन खाड्यांचे पैसे कापतात. दिवाळीचे पोस्त मागायला रखवालदार आला की देवघरात जाऊन बसतात. आणि त्याच पैशांतून नातवाला महागडा फटाक्यांचा खोका येतो. शब्द तोच, काटकसर. एक स्वतःच्या खिशाला चाप लावते, दुसरी दुसऱ्याच्या. पहिलीला काटकसर म्हणा. दुसरीला जुना, स्वच्छ शब्द आहे: चिक्कूपणा. तो वापरायला आपल्याला लाज का वाटावी?

कुणी विद्वान वाचक इथे मला अडवतील आणि म्हणतील, ही गोष्ट ॲरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे. गुण हा दोन टोकांच्या मधला बिंदू. भित्रेपणा हे एक टोक, आततायीपणा हे दुसरे, मध्ये शौर्य. चिक्कूपणा एक टोक, उधळपट्टी दुसरे, मध्ये औदार्य. हा विचार थोर आहे यात शंका नाही. पण आपल्याकडे त्याचा जो पाचकळ अवतार झाला आहे, तो मला मान्य नाही. "सगळे कसे प्रमाणात असावे" एवढेच आपण त्यातून उचलले, जणू काही नीती म्हणजे आमटीतले मीठ. प्रमाण पाहणे पुरेसे नाही. ते कुणाच्या पानात पडते तेही पाहिले पाहिजे. खुद्द ॲरिस्टॉटलने हे सांगितलेच आहे. रागावणे कुणालाही जमते. पण योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य कारणासाठी रागावणे सोपे नाही, असा त्याचा आशय आहे. सुनेवर बेताने, प्रमाणात खेकसणारा सासरा मध्यबिंदूवर उभा असतो खरा, पण चुकीच्या माणसासमोर.

येथवर बहुतेक वाचकांनी माना डोलावल्या असतील, कारण फटकळ काका आणि चिक्कू काकू नेहमी दुसऱ्यांच्या घरात असतात. आता जो दोष आपल्या स्वतःच्या घरात, किंबहुना आपल्या स्वतःच्या अंगात असतो आणि ज्याला आपण गुणांचा मुकुटमणी मानतो, त्याच्याकडे वळतो. तो म्हणजे भिडस्तपणा.

भिडस्त माणूस म्हणजे सज्जन माणूस, असे समीकरण मराठी मनात इतके पक्के बसले आहे की त्याविरुद्ध बोलणे म्हणजे सज्जनपणाविरुद्धच बोलणे होय. वास्तविक "भीड भिकेची बहीण" असे आपल्या म्हणीने कधीच बजावून ठेवले आहे. पण म्हणीचाही अर्थ आपण सोयीने लावतो: भीड बाळगणारा स्वतः भिकेला लागतो, बिचारा! माझा अनुभव असा की भिडस्त माणूस सहसा भिकेला लागत नाही. त्याच्या भिडेची किंमत भलतेच कुणी मोजत असते. समजा, सोसायटीच्या सभेत खजिनदाराने गच्चीच्या दुरुस्तीचे बिल वाचून दाखवले. आकडा फुगलेला आहे हे चौघांना ठाऊक आहे. पण खजिनदार रोज सकाळी फिरायला बरोबर असतो, त्याच्या मुलीच्या लग्नात आपण जेवलो आहोत. चारचौघांत कसे विचारायचे? भिडस्त गृहस्थ गप्प बसतात, घरी येऊन बायकोला म्हणतात, "मला नाही बाई असले वाद जमत." मग ती रक्कम भरतो कोण? तळमजल्यावरची पेन्शनवर जगणारी एकटी बाई भरते. या गृहस्थांच्या नाजूक मनाचे बिल तिच्या नावावर फाटते, आणि वर त्यांची ख्याती काय? 'वादात न पडणारा सज्जन!'

ही भीड किती दूर नेते, याचा एक जगप्रसिद्ध दाखला आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गावातली साधी माणसे बोलावली. त्यांना सांगण्यात आले की हा स्मरणशक्तीचा अभ्यास आहे. भिंतीपलीकडच्या माणसाने उत्तर चुकवले की बटण दाबून त्याला विजेचा धक्का द्यायचा, आणि प्रत्येक चुकीला धक्का १५ व्होल्टने वाढवायचा. बटणे ३० होती, शेवटचे ४५० व्होल्टचे. पलीकडचा माणूस आतल्या गोटातला होता आणि त्याला प्रत्यक्षात धक्का मुळीच बसत नव्हता. पण बटण दाबणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. ३०० व्होल्टला पलीकडचा माणूस भिंतीवर धक्के मारी, आणि त्यानंतर लवकरच त्याच्याकडून उत्तर येणेही थांबे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात ४० माणसांपैकी २६ माणसे शेवटच्या बटणापर्यंत गेली. ती क्रूर होती काय? नव्हती. त्यांना घाम फुटत होता, हात थरथरत होते, बोबडी वळत होती. पण समोर झगा घालून बसलेला गृहस्थ शांतपणे "पुढे चालू ठेवा" म्हणत होता, आणि त्याला "नाही" म्हणणे त्यांना जमत नव्हते. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, ती आपल्या जागी आहे. पण मिलग्रॅमने आपल्या पुस्तकात माणसांना खुर्चीला जखडून ठेवणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत सभ्यता, दिलेला शब्द मोडण्याचा संकोच आणि मध्येच उठून जाण्याचा अवघडलेपणा यांचा समावेश आहे. मी हे वाचले तेव्हा मला वाटले, अरे, ही तर आपली भीड! दुष्टाईने नव्हे, तर समोरच्याचा मान मोडू नये म्हणून माणसे भिंतीपलीकडच्याला विजेचे धक्के देत होती.

आपल्या देशात ही बटणे दाबायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. लग्नाच्या बैठकीत बसले म्हणजे पुरते. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरवणारा कायदा १९६१ सालीच झाला. तरी 'वरदक्षिणा', 'मानपान', 'मुलीच्या हौसेखातर' अशी नावे बदलून देवघेव अनेक ठिकाणी चालूच राहिली. बैठकीत नवरा मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला असतो. तो शिकलेला असतो, मित्रांत हुंड्याविरुद्ध बोलतो. पण "वडिलांपुढे मी कसा बोलणार? त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही." वा रे आज्ञाधारक! आज्ञा पाळायची हे याने ठरवले, पुण्य याच्या खात्यावर जमा झाले, आणि जमीन गहाण पडली मुलीच्या बापाची. श्रावणबाळाने आईबापांची कावड आपल्या खांद्यावर घेतली होती. ती त्याने सासऱ्याच्या खांद्यावर दिली नव्हती.

भिडेची बाजू घेणारे इथे एक पवित्र ढाल पुढे करतात: विनय. विनयाची थोरवी मी नाकारीत नाही. पण गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी २६ लक्षणे सांगितली आहेत, त्यांचा क्रम पाहा. पहिले लक्षण अभय. निरभिमान वृत्ती शेवटी येते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत विनोबांनी ही सद्गुणांची एक सेनाच कल्पिली आहे: आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता. आपण मराठी सज्जनांनी काय केले? आघाडीच्या सेनापतीला घरी बसवले आणि पिछाडीच्या नम्रतेला एकटीलाच रणात धाडले. ती बिचारी काय लढणार? समोर येईल त्याला ती नमस्कार करते.

आता दुसरी बाजू. भिडस्त माणूस स्वतः ठरवतो आणि किंमत दुसरे मोजतात. याच्या नेमके उलटे घडते तेव्हा त्याला आपण सोशिकपणा म्हणतो: ठरवतात दुसरे, आणि मोजते एकटी ती. "आमच्या आईने कधी हूं का चूं केले नाही," असे सांगताना मुलांचे डोळे भरून येतात. डोळे जरूर भरून यावेत. पण त्या आईला हूं करण्याची सोय होती का, हेही एकदा स्वतःला विचारावे. आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर जागणारी आई स्वतः ठरवते आणि स्वतः जागते. तिच्यापुढे मी हात जोडतो. पण सगळ्यांची पाने झाल्यावर पातेल्यात उरेल ते खायचे, दुखणे अंगावर काढायचे, हा नियम तिने केलेला नसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत तो २५ टक्के होता. शरीरधर्म, बाळंतपणे, गरिबी अशी याची कारणे अनेक आहेत, हे मी जाणतो. परंतु शेवटी जेवण्याचा आणि शेवटी औषध घेण्याचा हा गौरवलेला सद्गुण त्या कारणांत मुळीच नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? जिला 'नाही' म्हणता येत नाही तिचे सोसणे हा तिचा दोष नव्हे. आणि तिचे भूषणही नव्हे. ते तिच्याकडून वसूल झालेले कर्ज आहे, आणि सोशिकपणाची स्तुती ही त्या वसुलीची पावती.

ही याद्या करण्याची लेखणी कुणाच्या हातात असते, हे एका मराठी बाईने विचारले. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतले जाऊ लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटेसे पुस्तक छापले. त्यांचा सवाल सरळ होता: जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांच्या अंगी नाहीत काय? "आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा" हा न्याय नीतिशास्त्रात कसा शिरला, तेच त्या विचारीत होत्या. नेटाने विसरले गेलेले ते पुस्तक १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हाही त्यातली धार बोथट झालेली नव्हती.

सोशिकपणाचाच एक गावकीचा अवतार आहे: 'पायरी ओळखून वागणे'. हा शब्दप्रयोग आपण आजही कौतुकाने वापरतो. पण पायऱ्या बांधल्या कुणी? मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुलेही केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. खटला उच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ओंजळभर पाणी पिण्यास उद्दामपणा म्हणायचे आणि तहानलेले राहण्यास नम्रता, हा त्या काळच्या गुणांच्या यादीचा न्याय होता. माझे दोन प्रश्न लावून पाहा. तहानेचे ठरवले कुणी, आणि तहान सोसली कुणी? त्या दिवशी ज्यांनी तळ्यात हात घातला, त्यांनी मात्र स्वतः ठरवले आणि मारही स्वतः खाल्ला. यादीत त्याचे नाव काहीही असो, जमाखर्चात तो निर्भेळ सद्गुण आहे.

आणि ज्याला समाजाने 'निर्लज्ज' ठरवले, त्याचेही खाते एकदा उघडा. महर्षी कर्व्यांचेच चिरंजीव रघुनाथराव. संततिनियमनाचा प्रचार थांबवीना, म्हणून १९२५ साली प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, दंड भरले. त्यांच्या निर्लज्जपणाचे बिल त्यांनीच भरले. फायदा झाला तो वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायकांचा. ज्यांनी लाज राखली, त्यांच्या लाजेचे बिल मात्र त्याच बायकांनी भरले होते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की हे नीतीचे वाणीदुकान झाले. जो सहज, आनंदाने दुसऱ्याला देतो, ज्याला देण्यात काही कष्टच पडत नाहीत, त्याचा गुण कमी दर्जाचा म्हणायचा काय? मुळीच नाही. किंमत म्हणजे रडे नव्हे. हसत मोजलेली किंमत ही किंमतच असते. प्रश्न बिल आले तर ते कुणाच्या नावावर येते, एवढाच आहे. दुसरा आक्षेप: न्यायाधीश शिक्षा ठरवतो आणि भोगतो चोर, मग न्याय हा दोष काय? नव्हे, कारण ते खाते चोराने स्वतः उघडले होते. न्यायाधीश फक्त बेरीज करतो. तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे. एखादा माथेफिरू स्वतः ठरवतो, स्वतः प्राणही देतो. मग तो सद्गुणी? त्याचे खाते पुरते वाचा. त्याने आपला एक प्राण मोजला असेल, पण त्याच बाजारात त्याने ज्यांना विचारलेही नाही अशा किती जणांचे प्राण खर्ची टाकले? दारुड्याचेही तसेच. "मी माझ्या पैशाने पितो" म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन दुधाचे बिल कोण चुकते करते, ते पाहा. आणि जो खरोखरच फक्त स्वतःचे नुकसान करून घेतो, त्याला मी वेडा म्हणेन. दुर्गुणी म्हणण्याची मला घाई नाही.

चौथा आक्षेप तरुण वाचकांचा असेल: तर मग सद्गुण-दुर्गुण हे सगळे सापेक्षच, ज्याचे त्याने ठरवावे! नाही, अजिबात नाही. नावे सापेक्ष आहेत. हिशेब सापेक्ष नाही. तळमजल्यावरच्या बाईच्या पेन्शनमधून किती रुपये गेले, हा मताचा प्रश्न नव्हे. मुलीच्या बापाचे शेत गहाण आहे की नाही, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहता येते. नीती हवेत तरंगत नाही; ती कुणाच्या तरी पाठीवर, पोटावर, खिशावर उमटते. तिथे जाऊन पाहावे, म्हणजे वाद पुष्कळसा मिटतो.

म्हणून या दिवाळीत माझे एक मागणे आहे, आणि ते मुख्यतः घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी आहे. मुलांचे कौतुक जपून करा. पोर निमूट बसले की "किती गुणी!" म्हणू नका, ते का निमूट आहे ते आधी पाहा. धाकट्याचा लाडू थोरल्याने वाटून टाकला, तर थोरल्याच्या औदार्याचे गोडवे गाऊ नका. स्वतःचा अर्धा मोडून दिला तर जरूर गा. पाहुण्यांसमोर मुलीने "मला हे पटत नाही" असे शांतपणे म्हटले, तर तिला डोळे वटारू नका. त्या बोलण्याचा तोटा झाला तर तो तिलाच होणार आहे आणि तरी ती बोलते आहे, एवढे लक्षात घ्या. भाऊबीजेला बहिणीच्या ओवाळणीत पाकीट घालताना, वडिलांच्या घरातला वाटा सोडल्याच्या कागदावर तिने 'राजीखुशीने' सही केली होती ती खरोखर राजीखुशीची होती का, की तीही एक भीड होती, हे भावाने स्वतःला एकदा विचारावे. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झाली आहे. तिच्यानंतरही त्या कागदांवर सह्या होत आहेत, आणि सही करणाऱ्या बहिणीला 'मनाची मोठी' म्हणण्याचीही रीत आहे. मोठेपणा तिचा, घर भावाचे!

नवी वही उघडलीच आहे, तर तिच्या मागच्या पानावर ही दोन नावे लिहून ठेवा: आपल्या ज्या गुणाचे लोक सर्वांत जास्त कौतुक करतात त्याचे एक, आणि त्या गुणाची झळ ज्याला लागते त्या माणसाचे दुसरे. दुसऱ्या जागी आपलेच नाव आले, तर खुशाल अभिमान बाळगा. दुसऱ्या कुणाचे आले, तर फराळाचे ताट घेऊन आधी त्याच्या घरी जा, आणि त्याचे किती देणे लागतो ते विचारून या.